सुबारूचं सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन: ताकद वाढवावी की आहे तसंच राहू द्यावं?

यारा_काठचा
मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मुक्काम मेलबर्न. माझ्याकडे २००६ ची सुबारू लिबर्टी ३.० आर, स्पेक-बी आहे. (बाकी जगात हिला लेगसी म्हणतात. ऑस्ट्रेलियात लेगसी नावाची माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करणारी जुनी संस्था आहे, म्हणून इथे नाव लिबर्टी.) इंजिन ईझेड३०आर. तीन लिटर, सहा सिलिंडर, आडवं बॉक्सर. गिअरबॉक्स सहा गिअरचा मॅन्युअल. कागदावर १८० किलोवॉट आणि २९७ न्यूटन-मीटर. १ लाख ९२ हजार किलोमीटर झालेत, तेल वेळेवर बदलतो, एक थेंब गळत नाही.

तक्रार एवढीच, की हिल्सव्हिलच्या पुढे ब्लॅक स्परचा घाट चढताना, चार माणसं आणि डिकीत सामान असलं, की चार हजार आरपीएमच्या खाली गाडी म्हणजे जेवून उठलेला जावई. ढिम्म हलत नाही. चार हजारांच्या वर मात्र असा काही सूर लावते की अंगावर काटा येतो.

डोक्यात चार पर्याय आहेत. १) मोकळा सायलेन्सर, इनटेक आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, ट्यूनिंग. २) टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. ३) नंतरचं ३.६ लिटरचं ईझेड३६ आणून बसवणं. ४) ही विकून टर्बोवाली लिबर्टी जीटी घेणं. चौथा पर्याय मनापासून नको आहे. ब्रेक-पॅड, प्लग, तेल हे मी घरीच करतो, त्यापुढे पाना हातात घ्यायची हिंमत नाही. अनुभवी लोकांनी बोलावं.

ढोल्या
मी पयला! आता वाचतो.

ढोल्या
वाचलं. गाडीला जावई म्हणायची हिंमत आहे, पाना धरायची नाही. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

स्वल्पविराम
माझा बाळबोध प्रश्न. आडवं बॉक्सर म्हणजे नक्की काय? आणि सहाच का? आमच्या गाडीला तीन आहेत आणि ती तीनही रडतात.

नटबोल्ट
@स्वल्पविराम, दोन बायका फुगडी घालताना बघितल्यात ना? एकमेकींचे हात धरून दोघी मागे रेलतात आणि एकीच्या वजनाने दुसरीचा तोल राहतो. बॉक्सर इंजिनात समोरासमोरचे दोन पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात. एकाचा हिसका दुसरा खातो.

पण दोघे अगदी नाकासमोर नसतात. प्रत्येक कनेक्टिंग रॉडला क्रँकवर स्वतःची वेगळी पिन असते, त्यामुळे जोडीतला एक थोडा पुढे, एक थोडा मागे. चार सिलिंडरमध्ये या फरकामुळे इंजिनाला किंचित पिळ बसतो. सहा सिलिंडरमध्ये तीन जोड्या १२० अंशांवर असल्याने तो पिळही आपसांत मिटतो. म्हणून सहाचं बॉक्सर इतकं गुळगुळीत चालतं. पोर्शेची ९११ त्याच घराण्यातली.

धागाकर्त्याला: एक प्रश्न आधी. गाडी आजच्या घडीला चाकांवर किती ताकद देते, हे डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, मोजलंय का? अठरा वर्षांच्या गाडीचे १८० किलोवॉट हे तिचं कुमारवयातलं वर्णन झालं.

फौंड्रीवाला
लई भारी विषय काढला भावा! आमच्या कोल्हापुरात आरएक्स १०० चं पोर्टिंग (हवा-धुराच्या वाटा घासणं) करणारी पोरं रात्र रात्र जागायची. मी स्वतः फौंड्रीत, त्यामुळे हेड हातात घेतलं की पोर्टातला खडबडीतपणा पहिला दिसतो. माझं मत: आधी एअर फिल्टर मोकळा कर, सायलेन्सर बदल, पोर्ट घासून घे. वीस टक्के कुठं जात न्हाईत.

नटबोल्ट
@फौंड्रीवाला, आदरपूर्वक असहमती. टू-स्ट्रोकमध्ये पोर्ट हेच टायमिंग असतं, तिथे अर्धा मिलिमीटर घासलं तरी गाडीचा स्वभाव बदलतो. इथे चोवीस झडपा, त्या उघडणाऱ्या दांड्यांपैकी इनटेक कॅमचं टायमिंग बदलणारी यंत्रणा आणि शिवाय झडपांची उचल बदलणारी वेगळी यंत्रणा. कंपनीने तीन लिटरमधून टर्बोशिवाय १८० किलोवॉट काढलेत, म्हणजे लिंबू बऱ्यापैकी पिळून झालंय. सायलेन्सर, हेडर आणि चांगलं ट्यूनिंग मिळून पाच-दहा किलोवॉट मिळाले तरी नशीब समजा. त्यातला अर्धा भाग कानालाच जाणवेल.

फौंड्रीवाला
कानाला जाणवलं तरी पैसे वसूल की ओ.

गुन्मावासी
जपानमधून हजर. मी गुन्मा प्रांतात नोकरीला आहे, सुबारूचं माहेर इथेच, ओता शहरात. (मी त्या कंपनीत नाही, आधीच सांगून ठेवते.) इथे रस्त्यावर दर चौथी गाडी त्यांचीच वाटते.

सुबारू म्हणजे जपानीत कृत्तिका नक्षत्र. चिन्हावर सहा तारे आहेत, एक मोठा आणि पाच लहान. १९५३ साली पाच कंपन्या एकत्र येऊन फुजी हेवी इंडस्ट्रीज झाली, त्याची ती खूण. मुळं नाकाजिमा या विमान बनवणाऱ्या कंपनीत.

सहा सिलिंडरची त्यांची वंशावळ थोडक्यात: आधी ईआर२७, २.७ लिटर, १९८७ च्या सुमाराचं. मग ईजी३३, ३.३ लिटर, एसव्हीएक्स या कूपेत. मग १९९९ पासून ईझेड३०, आणि शेवटी ईझेड३६. यात ईझेडची गंमत अशी, की चार सिलिंडरच्या ईजे२५ पेक्षा ते फक्त सुमारे २० मिलिमीटर लांब आहे. दोन सिलिंडर जास्त, लांबी दोन सेंटिमीटर जास्त! पट्ट्याऐवजी टायमिंग चेन लावल्या, सिलिंडर एकमेकांजवळ आणले, तेव्हा ते जमलं. म्हणून तर लोक ते इम्प्रेझा-फॉरेस्टरच्या पुढ्यात कोंबू शकतात.

ढोल्या
कृत्तिका सहा, सिलिंडर सहा, आणि कृत्तिकांनी वाढवलेल्या कार्तिकेयाची तोंडं सहा. पेट्रोलही सहा तोंडांनीच पीत असणार.

यारा_काठचा
@ढोल्या, शहरात शंभर किलोमीटरला तेरा-साडेतेरा लिटर. तोंडं मोजली नाहीत.

@नटबोल्ट, डायनोवर कधीच नेली नाही. नेऊन काय कळणार? मला जास्त हवंय, हे तर ठरलेलंच आहे.

जर्सीकर
ईजी३३ चं नाव निघालं म्हणून लिहिल्यावाचून राहवेना. २००१ ते २००५ माझ्याकडे १९९२ ची एसव्हीएक्स होती. इटलीच्या जुजारोची रचना, खिडकीच्या आत खिडकी, टोलनाक्यावर पैसे देताना हात वाकडा करावा लागायचा. ३.३ लिटर, २३० अश्वशक्ती, रेशमासारखं इंजिन. पण मॅन्युअल गिअरबॉक्स कंपनीने दिलाच नाही. फक्त चार गिअरचा ऑटोमॅटिक, आणि तो बिचारा इंजिनाच्या ताकदीला पुरा पडायचा नाही. त्याचं तेल रेडिएटरमधूनच थंड व्हायचं. माझा दोनदा गेला. दुसऱ्यांदा बाहेर वेगळा ऑइल कूलर लावला, मग विकेपर्यंत टिकला.

सांगायचा मुद्दा: इंजिनात ताकद घालण्याआधी ती पुढे कोण झेलणार, ते बघा.

किवी_केळकर
@जर्सीकर यांना शंभर टक्के अनुमोदन. आता माझी कहाणी ऐका. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

क्राइस्टचर्चजवळ राहतो. २०१४ मध्ये माझ्या जुन्या फॉरेस्टरमध्ये भंगारातल्या आउटबॅकचं ईझेड३०डी बसवलं. डी म्हणजे पहिली पिढी. हिच्या हेडला प्रत्येक बाजूला एक्झॉस्टचं एकच तोंड असतं, आतल्या आतच तिन्ही वाटा एकत्र येतात. ३.० आरच्या आर इंजिनाला प्रत्येक बाजूला तीन तोंडं. नैसर्गिक श्वासावर चालवायचं तर आर चांगलं, पण टर्बोसाठी पाइप बनवायला डी सोपं. दोन बाजूंचे दोन पाइप आणले, खाली टर्बोत सोडले, काम झालं. निदान मला तसं वाटलं.

६ पीएसआय बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब. पिस्टन, रॉड सगळं मूळचं. लिंक कंपनीचा स्वतंत्र ईसीयू, ती इथलीच, क्राइस्टचर्चची. पहिल्या दिवशी गाडी चालवली तेव्हा घरी येऊन हसतच बसलो. दोन हजार आरपीएमपासून मागून कुणी तरी ढकलतंय असं वाटायचं. आवाज निराळाच. चार सिलिंडरच्या सुबारूची ती डुगडुग नाही, लांबून येणाऱ्या विमानासारखा एकसंध.

दोन वर्षं सुखात गेली. मग एका जानेवारीत ट्रेलरवर बोट बांधून लिंडिस पासचा चढ चढत होतो. उन्हाळा, गाडी भरलेली, पाय खाली. वर पोचता पोचता आरशात निळा धूर. इंजिन मिसिंग मारायला लागलं. थांबलो, बॉनेट उघडलं, वरून काहीच दिसेना.

घरी टो करून आणली. कम्प्रेशन तपासलं. पाच सिलिंडर १७० च्या आसपास, एक ६० वर. त्या सिलिंडरचा प्लग काढला तर त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चकचकीत ठिपके. रव्याच्या कणाएवढे. नखाने खरवडले तर निघेनात. ते ॲल्युमिनियम होतं. पिस्टनचंच. आतली रिंगेची खाच तुटली होती.

दोष कुणाचा? माझाच. टर्बो, इंटरकूलर, इंजेक्टर सगळं नवं घेतलं आणि टाकीतला पेट्रोल पंप मात्र गाडीबरोबर आलेला, सोळा वर्षांचा, तसाच ठेवला. वर टोकाला पेट्रोल कमी पडलं, मिश्रण पातळ झालं, इंजिन ठोकायला लागलं. ट्रेलरच्या खडखडाटात ते ठोकणं मला ऐकूच आलं नाही.

स्वल्पविराम
बाप रे. रव्याच्या कणाएवढे! आता शिरा खाताना आठवणार.

नटबोल्ट
@किवी_केळकर, प्रामाणिक प्रतिसादाबद्दल दंडवत. असं खुलेपणाने कमी लोक लिहितात.

यात यारा_काठचा यांच्यासाठी महत्त्वाचं काय, ते सांगतो. माझं पोट इंजिनाच्या चाचण्यांवरच चालतं, चाकणला टेस्ट बेडच्या काचेमागे बसून ठोकणाऱ्या इंजिनांचे आलेख बघणं हा माझा दिवस.

ईझेड३० चं कम्प्रेशन १०.७ ला १. सुबारूची कारखान्यातून येणारी टर्बो इंजिनं, म्हणजे एसटीआय या त्यांच्या वेगवान मॉडेलची वगैरे, ८ किंवा ८.२ ला १. हा फरक उगाच नाही. टर्बो हवा दाबून देतो, दाबलेली हवा तापते, मग पिस्टन तिला आणखी दहापट दाबतो. ठिणगीची ज्वाळा पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकलं, की तो हातोडा पिस्टनवर बसतो. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. उपाय म्हणजे ठिणगी उशिरा देणं, पण मग ताकद जाते आणि एक्झॉस्ट लाल होतो.

७ पीएसआय म्हणजे साधारण अर्धा बार. हवा दीडपट, म्हणजे कागदावर ताकदही दीडपट व्हायला हवी. प्रत्यक्षात हवा तापल्यामुळे आणि ठिणगी मागे घ्यावी लागल्यामुळे बरीचशी मधेच गळते. तरी जे उरतं ते सायलेन्सर-फिल्टरच्या कितीतरी पुढचं असतं. म्हणून 'ताकद हवी असेल तर टर्बो' हे खरंच आहे. फक्त टर्बो ही एक वस्तू नसते. पंप, इंजेक्टर, इंटरकूलर, क्लच, तेल थंड ठेवायची सोय, ट्यूनिंग हे सगळं त्या पाकिटात येतं. यातलं एक जरी 'पुढच्या पगारात बघू' म्हणून ठेवलं की रवा.

फौंड्रीवाला
रवा! नाद खुळा. ह्यो शब्द आता धाग्यात कायम.

आणि इथेनॉल? तिकडं ई८५ मिळतं म्हंत्यात. त्येचं ऑक्टेन जास्त असतंय न्हवं?

नटबोल्ट
असतं, आणि ते सिलिंडरमध्ये जाताना हवा थंडही करतं. त्यामुळे जास्त कम्प्रेशनवर टर्बो लावणाऱ्यांना ते आवडतं. पण तेवढ्याच ताकदीला पेट्रोलपेक्षा तीस-चाळीस टक्के जास्त लागतं, म्हणजे इंजेक्टर आणि पंप पुन्हा मोठे.

ढोल्या
म्हणजे सांगली-कोल्हापूरच्या उसावर मेलबर्नची सुबारू पळणार. कारखान्याच्या संचालक मंडळाला कळवा.

डेन्वरकर
माझ्याकडे २०१६ ची आउटबॅक ३.६ आर आहे, म्हणजे पर्याय क्रमांक तीनचं इंजिन. ३६२९ सीसी, २५६ अश्वशक्ती, ३३५ न्यूटन-मीटर, आणि साध्या पेट्रोलवर चालतं. खालच्या आरपीएमला ३.० पेक्षा खूप सोशिक. स्ट्रोक ८० वरून ९१ मिलिमीटर केला, तोही इंजिनाची बाहेरची लांबी-रुंदी जवळपास तेवढीच ठेवून. त्यासाठी कनेक्टिंग रॉडचं मोठं तोंड तिरपं कापलेलं आहे. टर्बोवाल्यांची कुजबुज याच रॉडांबद्दल असते.

पण मी डेन्वरला, समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर. इथे हवाच पातळ. टर्बो नसलेल्या प्रत्येक इंजिनाची सहावा हिस्सा ताकद घराबाहेर पडायच्या आधीच गेलेली असते. आयझेनहावर बोगद्याकडे चढताना, तो ३४०० मीटरवर आहे, माझी ३.६ पण जावईच होते. त्यात सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक), त्यामुळे मॉडिफिकेशन वगैरे मनातसुद्धा आणत नाही.

गंमत म्हणजे कंपनीनेच सहा सिलिंडरला निरोप दिला. २०२० च्या मॉडेलपासून इथे त्याच्या जागी चार सिलिंडरचं २.४ टर्बो. अश्वशक्ती २६०, म्हणजे जेमतेम चार जास्त, पण टॉर्क ३७६ न्यूटन-मीटर, आणि तोही खालून. शेजाऱ्याची चालवून बघितली. डोंगरात ती माझ्या पुढे जाते. थांबल्यावर मात्र माझंच इंजिन ऐकत बसावंसं वाटतं.

अजून एक सावधगिरी: इथल्या पंपावरचं ९१ ऑक्टेन आणि ऑस्ट्रेलियातलं ९१ एक नव्हे. अमेरिकेत दोन मोजण्यांची सरासरी लिहितात. आमचं ९१ म्हणजे तुमचं साधारण ९५-९६. अमेरिकन लोकांचे बूस्टचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवा.

शंकासुर
इतकं सगळं करून शेवटी मिळणार काय? सेकंद-दीड सेकंद. तेवढ्या पैशांत वापरलेली इलेक्ट्रिक घ्या. शून्य आरपीएमपासून टॉर्क. रवा नाही, शिरा नाही.

फौंड्रीवाला
@शंकासुर, आवाज कुठनं आणणार? स्पीकरमधनं?

शंकासुर
आवाज हवाय तर नाशिक ढोल लावा.

ढोल्या
माझ्या आयडीवरून विनोद नकोत.

निवृत्त_नाना
विषय थोडा अवांतर. आपल्याकडे सुबारू आली नाही असं बऱ्याच जणांना वाटतं. आली होती, दुसऱ्याच्या आडनावाने. २००४ च्या आसपास 'शेव्हरोले फॉरेस्टर' म्हणून विकली गेली ती सुबारूचीच गाडी. दोन लिटर, चार सिलिंडर, चारही चाकांना ताकद. माझ्या मेव्हण्याकडे होती. तिच्यातून पावसाळ्यात आम्ही भंडारदऱ्याला गेलो होतो, घाटात लाल चिखल वाहत होता आणि गाडी रुळावरून चालल्यासारखी. गॅरेजवाला बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसता बघत उभा राहिला होता. "काका, यात इंजिन आडवं पडलंय," असं म्हणाला, अपघात झाल्यासारखं.

आणि आपल्याकडे असे उद्योग करू इच्छिणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं. कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळे बदल परस्पर करता येत नाहीत.

यारा_काठचा
नाना, "इंजिन आडवं पडलंय" वाचून हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

इथेही कायदा आहेच. टर्बो लावला तर मान्यताप्राप्त इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं, व्हिक्टोरियात त्याला व्हास म्हणतात. नाही तर पोलीस काचेवर पिवळा कागद चिकटवतात. इथे त्याला 'कॅनरी' असं लाडाचं नाव आहे.

@किवी_केळकर, मग तुम्ही पुढे काय केलंत? आणि सुपरचार्जरचं, म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणाऱ्या हवेच्या पंपाचं, काय मत? खालच्या आरपीएमला तो लगेच उठतो म्हणे.

किवी_केळकर
दुसरं ईझेड३०डी आणलं, तोच टर्बो परत लावला, या वेळी पंपासकट. आणि ठोकलं की डॅशवर लाल दिवा लागेल अशी सोय केली. आमच्याकडेही लो व्हॉल्यूम व्हेईकलची, म्हणजे बदल केलेल्या गाडीची, तपासणी होऊन बॉनेटखाली एक पत्रा ठोकतात, तो रीतसर आहे. सगळं मिळून, फुटलेल्या इंजिनासकट, १९ हजार किवी डॉलर गेले. बायकोला १२ सांगितलेत. ती मराठी वाचते, पण हा धागा वाचणार नाही अशी आशा.

सुपरचार्जरबद्दल: कुठला, त्यावर आहे. रॉट्रेक्ससारखा सेंट्रिफ्यूगल असेल तर तो इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो. खाली थोडं, वर भरपूर. तुमची तक्रार नेमकी उलटी आहे, त्यामुळे वर आधीच जागा असलेल्या जावयाला तुम्ही कॉफी पाजाल. खालून हवं असेल तर छोटा टर्बो बरा.

नटबोल्ट
सेंट्रिफ्यूगलबद्दल सहमत. पण याच मुद्द्याने मी परत पहिल्या प्रश्नावर येतो, कारण धागा एसव्हीएक्स, शिरा, भंडारदरा करत भलतीकडे गेलाय.

यारा_काठचा, तुमची गाडी चार हजारांच्या खाली ढिम्म आणि वर जागी होते. ईझेड३०आर मध्ये मधल्या पट्ट्यातला टॉर्क बराचसा इनटेक कॅम पुढे सरकवून मिळतो. ते काम तेलाच्या दाबावर चालतं आणि तेल एका छोट्या झडपेतून जातं. जुन्या गाडीत तिथली जाळी चिकट होते, कॅम सांगितलं तेवढा सरकत नाही. चेक इंजिनचा दिवा लागेलच असं नाही. स्कॅनर लावून गाडी चालवताना दोन्ही बाजूंच्या कॅमचे आकडे बघा. एकसारखे हलायला हवेत. टर्बोचा विचार नंतर. आजारी माणसाला आधी तालमीत घालत नाहीत.

मेलबर्नची_मावशी
मी गाड्यांमधलं ओ की ठो जाणत नाही, पण यारा_काठचा, तुमची मुलगी ड्रायव्हिंग शिकते आहे ना? गणपतीत भेटलो तेव्हा म्हणाला होतात की याच गाडीवर तिचे १२० तास भरताय. आमच्या मुलाच्या वेळी नियम पाठ झालेत. पी-प्लेट (नव्या लायसनवाल्याची पाटी) लागल्यावर, शक्ती वाढवण्यासाठी इंजिनात बदल केलेली गाडी तिला चालवता येणार नाही. जुन्या गाड्यांत पेट्रोल टर्बोलाही बंदी आहे. नुसतं ट्यूनिंग केलंत तरी तो बदलच. बघून घ्या.

यारा_काठचा
मावशी... हे डोक्यातच आलं नव्हतं. वहीत १२० पैकी ३४ तास झालेत आणि मॅन्युअल शिकायचा हट्ट तिचाच आहे. म्हणजे पर्याय क्रमांक चार, लिबर्टी जीटी, तोही टर्बोच. तोही बाद.

ढोल्या
एक, दोन, चार बाद. तीन नंबर नाबाद?

डेन्वरकर
३.६ घालणं म्हणजे इंजिन बदलणं, तेही प्रमाणपत्रासकट. शिवाय त्याचा एक्झॉस्ट कॅमही सरकतो, तुमच्या ईसीयूला ते माहीतच नाही. वायरिंगचा घोळ निराळा. तिसरा पंच विचार करतोय असं समजा.

गुन्मावासी
सगळे इतके गंभीर झालात म्हणून एक गोष्ट. ताकद वाढवण्याच्या नादात सगळ्यात महागात पडलेली सुबारू कुठली? १९९० ची फॉर्म्युला वन. कोलोनी संघाच्या गाडीत सुबारूच्या नावाचं बारा सिलिंडरचं आडवं इंजिन होतं, इटलीत कार्लो कीती या इंजिनिअरने बनवलेलं. जड होतं, ताकद कमी. गाशो नावाचा चालक होता, पण त्या इंजिनावर गाडी पूर्वपात्रता फेरीतूनसुद्धा एकदाही पुढे गेली नाही. हंगामाच्या मध्यावर नातं संपलं. तेव्हा सहा सिलिंडर काय वाईट.

शंकासुर
ओके, हे माहीत नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

यारा_काठचा
तीन आठवड्यांनी परत आलो. डायनोवर जाऊन आलो.

पहिला आकडा: चाकांवर १२१ किलोवॉट. डायनोवाल्याने मान हलवली. म्हणाला, चारही चाकांचं नुकसान धरूनही या गाड्या त्याच्या मशीनवर १३० च्या वर असतात. आलेखात २५०० ते ४००० मध्ये चक्क खड्डा होता. ब्लॅक स्परवर पायाला जाणवायचा तोच.

नटबोल्ट, स्कॅनर लावला. उजवा कॅम वीस-पंचवीस अंश पुढे जात होता, डावा पाच-सात वर अडकून बसलेला. दिवा कधीच लागला नव्हता. डाव्या बाजूची तेलाची झडप काढली. मीच काढली, हिंमत करून. तिच्या जाळीवर काळा चिकट थर, कढईच्या बुडाला बसतो तसा, आणि त्यात एक चिमूटभर तपकिरी गॅस्केट सीलंटचा तुकडा. मी गाडी घ्यायच्या आधी कुणी तरी पुढचं कव्हर उघडलं असणार आणि हात सैल सोडून सीलंट लावलं असणार. त्या कव्हरला पन्नासच्या वर बोल्ट आहेत आणि ते वेगवेगळ्या लांबीचे आहेत, त्यामुळे त्या अज्ञात माणसावर फार रागावत नाही.

दोन्ही बाजूंच्या झडपा नव्या, तेल आणि फिल्टर नवा. सगळे मिळून ३८० डॉलर. परत डायनो: १३३. वरच्या टोकाला फरक बारा किलोवॉटचा, पण तीन हजारांवर त्याहून खूप मोठा. काल चौघं आणि सामान घेऊन ब्लॅक स्पर चढलो. चौथ्या गिअरमध्ये. जावई ताट उचलायला उठला.

नटबोल्ट
सीलंटचा तुकडा! फोटो टाका, मला ट्रेनिंगमध्ये पोरांना दाखवायचाय.

किवी_केळकर
अभिनंदन. ३८० डॉलर. मी आता माझे १९ हजार आठवत नाही.

जर्सीकर
@किवी_केळकर, १२. तुम्ही १२ हजार म्हणाला होतात.

किवी_केळकर
१२, १२.

ढोल्या
मग टर्बो रद्द?

यारा_काठचा
पुढे ढकलला. मुलगी सोळाची आहे. इथे अठराला लायसन, मग चार वर्षं पी-प्लेट. म्हणजे ती बावीसची होईल आणि गाडी चोवीसची. तेव्हा नवा धागा काढेन. सायलेन्सरबद्दल मात्र अजून विचार चालू आहे.

फौंड्रीवाला
ते टर्बो-बिर्बो राहू दे भावा. पाच हजारांच्या वरचा आवाज रेकॉर्ड करून टाक आधी. मूळ सायलेन्सरचाच. कधीपासनं वाट बघतोय.

यारा_काठचा
टाकतो. शनिवारी लेकीचे दोन तास आहेत, ती चालवेल आणि मी शेजारी बसून मोबाइल धरतो.

मावशी, शिकवणाऱ्याने हातात मोबाइल धरलेला चालतो का?

मेलबर्नची_मावशी
नाही चालत. शिकवणाऱ्यालाही चालकाचेच नियम. मागे कुणाला तरी बसवा. आणि शिकाऊ मुलीला पाच हजार आरपीएमला नेऊ नका, मला तिची आई भेटते दर रविवारी.